भडंग बिनबोभाट जातं

शेजारच्या वहिनींनी भडंगाचा डबा माझ्याकडे ठेवायला दिला. कुंपणाच्या जास्वंदीवरून, दोन्ही हातांनी, गावाला जाताना दागिन्यांचा डबा द्यावा तसा. "मी मागितला तरी देऊ नका हं ताई," म्हणाल्या. संध्याकाळी पाचला त्याच जास्वंदीवरून हात आला. "थोडंसंच द्या. पाहुणे आलेत." पाहुणे कुठले? त्यांच्या दारात चप्पलसुद्धा नव्हती.

वहिनींचं वजनाचं ऑपरेशन झालंय ही बातमी आमच्या गल्लीत आता शिळी झाली. पुण्यात झालं, बायपास. हा शब्द ऐकल्यावर वरच्या मजल्यावरच्या आक्कांनी तेव्हा छातीवर हात ठेवून "अगं बाई, हार्टचं?" असं केलं होतं. हार्टचं नाही, पोटाचं, हे पटवण्यात एक सकाळ गेली. मग आक्काच म्हणाल्या, "म्हंजे गडकऱ्यांनी केलंवतं तसलं व्हय?" गडकऱ्यांनी २०११ साली वजनाचं ऑपरेशन करून घेतलं आणि ते लपवलं नाही, याचा एक फायदा असा झाला की आक्कांसारख्या बायकांना पटकन संदर्भ सापडतो. वहिनींनी मात्र गल्लीला सुरुवातीला 'हर्निया' सांगितलं होतं. दोन महिन्यांत साडीच्या निऱ्या दुप्पट पडायला लागल्यावर हर्निया किती दिवस टिकणार?

मला आता यात रस घ्यायचं कारण म्हणजे आमच्या इचलकरंजीच्या वन्सं. त्यांचंही ठरलंय, पुढच्या महिन्यात. त्यांचं स्लीव्ह आहे. डॉक्टरांनी सगळं समजावलंय म्हणतात, पण डॉक्टरांना कुठं ठाऊक असतं की वन्संच्या घरी चहाबरोबर खारी, टोस्ट आणि बटर असे तीन डबे एकदम उघडतात. म्हणून मी वहिनींना कुंपणाशी गाठलं आणि सरळच विचारलं, "भूक लागते का हो?"

"मला नाही लागत," वहिनी म्हणाल्या. "पाच वाजल्याला लागते."

नळी घेऊन कुंड्यांना पाणी घालणाऱ्या भाऊजींनी तिथूनच तोंड घातलं. भाऊजी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, निवृत्त झाले तरी तास सुटलेला नाही. "पोटात घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक तयार होतं, भुकेचा निरोप तेच मेंदूला देतं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. जठराच्या वरच्या फुगीर भागात ते जास्त तयार होतं. तुमच्या वन्संच्या ऑपरेशनात तोच भाग काढून टाकतात, जठराचा पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्तच. उरते ती नळी. हिचं वेगळं. हिचं जठर आत आहे तसं आहे, फक्त वरची तीस मिलिलीटरची पिशवी वेगळी केली आणि लहान आतडं खालून आणून तिला जोडलं."

"तीस मिलिलीटर म्हणजे किती?"

"दोन मोठे चमचे."

"आणि तेवढ्यात भडंग मावतं?"

"तेच तर!" वहिनींनी जास्वंदीचं एक पान तोडलं. बोलायचं मनापासून असलं की त्यांच्या हाताला काहीतरी लागतंच, आमच्या जास्वंदीचं वाटोळं त्यापायीच झालंय. "ताई, मला वाटायचं की ऑपरेशन झालं म्हणजे वाईट ते आत जाणारच नाही. झालं उलटंच. चांगलं ते अडतं. कोंबडीचा तुकडा नीट चावला नाही की इथं, छातीच्या मधोमध बसतो. पोळी मऊ असली तरी तिचा गोळा होतो. भात आत जाऊन फुगल्यासारखा होतो. दोन घास झाले की पोट सांगतं, बास. आणि भडंग? एक वाडगं खाल्लं तरी हूं की चूं नाही. बिनबोभाट जातं."

हे मला अगदी नवीन होतं. खरं तर चुरमुऱ्यात आहे काय? दाताखाली आला की विरतो. वरून चहाचा घोट घेतला की उरलासुरलाही पातळ होऊन त्या इवल्या पिशवीतून घसरतो, आणि पिशवी पुन्हा रिकामी. म्हणून तर जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास थांबायचं, असं त्यांना बजावलेलं असतं. घन अन्न पिशवीत थोडा वेळ टिकलं तरच पोट भरल्याचं कळणार. चहा आणि भडंग ही जोडी नेमकी त्याच्या उलट चालते. तेच खारीचं, तेच बिस्किटाचं, आइस्क्रीमचं, वेफर्सचं. वजन हलकं म्हणून चुरमुरा निरुपद्रवी वाटतो, पण शंभर ग्रॅमला सव्वातीनशेच्या वर कॅलरी त्यातही असतात. वर तेल, शेंगदाणे, लसूण, तिखट. सांगलीच्या भडंगाची कीर्ती काही नुसत्या चुरमुऱ्यांवर झालेली नाही.

"आणि पहिलं वर्षभर काही वाटलंच नाही हो," वहिनी पुढं म्हणाल्या. "ताटाकडे बघून आनंद नाही, दुःख नाही. मला वाटलं, सुटले मी. दुसऱ्या वर्षी एक दिवस यांनी भडंगाची पिशवी कात्रीनं कापली, तो लसणाचा वास आला आणि मी दुसऱ्या खोलीतून उठून आले. बोलावल्यासारखी."

सगळ्यांचं साधारण असंच होतं म्हणे. वर्ष-दीड वर्ष वजन उतरत जातं, मग काटा थांबतो, आणि त्याच सुमाराला जुन्या सवयी दार वाजवतात. थोडं वजन परत चढणं हे बऱ्याच जणांचं होतं, त्यात आभाळ कोसळत नाही. पण त्या वेळी माणूस लाजून डॉक्टरांकडे जायचं बंद करतो, हे वाईट. वहिनींचे एक मावसभाऊ असे गायब झाले. खाणं आवरलं, तर संध्याकाळची 'बैठक' वाढली. पूर्वी दोन पेगला काही व्हायचं नाही, आता बायपासनंतर दारू झरकन रक्तात जाते आणि अर्ध्यातच माणूस बोलायला लागतो. पुढची हकीकत वहिनींनी खालच्या आवाजात सांगितली. ती मी इथं लिहीत नाही, लग्नाची मुलगी आहे त्यांच्या घरी.

"पण गोड खाल्लं की त्रास होतो ना? मग भीती नाही वाटत?" मी विचारलं. वन्संचं मुख्य दुखणं गोड.

"मला होतो. आमच्या पुतणीच्या लग्नात आमरस घेतला. वाटी पुरती संपली नव्हती, तोवर छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात पीळ. नवऱ्या मुलीच्या खोलीत जाऊन आडवी पडले. लोकांना वाटलं, पाठवणीचं दुःख."

"डम्पिंग," भाऊजी म्हणाले. नळी एव्हाना एकाच कुंडीत चालली होती. "साखर जठरात थांबतच नाही, थेट आतड्यात उतरते. तिच्याबरोबर अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. दहा मिनिटं ते अर्धा तास, एवढ्यात होतं ते. पण यावर भरवसा ठेवू नये. सगळ्यांना होत नाही, स्लीव्हवाल्यांना त्या मानानं कमी होतं, आणि काळ गेला की शरीर सरावतं. पहारेकरी झोपला की मग काय?"

"दुसरं एक असतं ना, ते सांगा की!" वहिनींनी त्यांना टोकलं, आणि स्वतःच सांगितलं. सकाळी आठला पोहे खायच्या. त्रास काही नाही. दहा-साडेदहाला हात थरथरायचे, डोळ्यापुढं अंधारी, आणि अशी भूक की समोर दिसेल ते तोंडात टाकावं. मग गूळ-पोळी. जरा बरं वाटायचं. बाराला पुन्हा तेच. घरात सगळे म्हणायचे, अशक्तपणा आलाय, खा अजून. शेवटी त्या वेळी यंत्रावर साखर मोजली तेव्हा कळलं, ती खाली गेलेली. पिष्ट पदार्थ झपाट्यानं आतड्यात पोचतो, रक्तातली साखर एकदम वर जाते, शरीर घाबरून जास्तीचं इन्सुलिन सोडतं आणि तासा-दोन तासांनी, कधी तीन तासांनी, साखर नको तितकी खाली येते. म्हणजे दहा वाजताची ती भूक आठच्या पोह्यांनीच पेरलेली. त्या वेळी साखर खरंच खाली असेल तर गोड घ्यावंच लागतं, तिथं मनाचा निग्रह दाखवायचा नसतो. पण पाठोपाठ मूठभर फुटाणे किंवा पनीर खावं, नाहीतर झोका पुन्हा सुरू. आणि डॉक्टरांना कळवावं. वहिनींच्या न्याहारीतून पोहे गेले, मोड आलेले मूग आणि अंडं आलं. साडेदहाची थरथर गेली ती गेलीच.

एवढ्यात वरून आवाज आला. आक्का गॅलरीत. किती वेळ ऐकत होत्या देव जाणे.

"म्हंजे पोहं वाईट? आमच्या सात पिढ्या पोहं खाऊन गेल्या."

"त्यांच्या पोटातला रस्ता सरळ होता, आक्का," भाऊजी म्हणाले.

"आन् उपासाचं काय करतीस गं? संकष्टीला दिसली नाहीस देवळात."

इथं वहिनी जरा गप्प झाल्या. संकष्टी त्यांनी लग्न झाल्यापासून धरलेली. दिवसभर उपाशी राहून चंद्रोदयाला मोदक, हे त्या पोटाला झेपत नाही. लांबलचक उपासानंतर वखवख सुटते, आणि उपासाचं म्हणून जे खातो तो साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रोटीन नावालासुद्धा नाही. वर बटाटा, वर साखर. आपल्याकडे उपासाच्या नावावर जेवढं पिष्ट जातं तेवढं सणाच्या दिवशीही जात नसेल, असं माझं मत आहे. आक्कांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मी ते बोलूनही घेतलं. वहिनींनी तोड काढली. त्या दिवशी जेवतात नेहमीसारखं आणि अथर्वशीर्षाची आवर्तनं वाढवली आहेत. मोदक नैवेद्याचा, त्यातला एक घास, तोही जेवणाच्या शेवटी.

"गणपतीला चालतंय म्हणा," आक्कांनी निकाल दिला. "त्याचंबी पोट मोठंच." आणि आत गेल्या. गेल्या म्हणजे खुर्ची आणायला.

मला खरं तर एक दुसरी गोष्ट विचारायची होती, आणि आता आक्का आत होत्या. आमच्या दोघींच्या घरी काम करणाऱ्या मावशींनी मला मध्यंतरी सांगितलं होतं की वहिनी तांदळाच्या डब्यातून कच्चे तांदूळ काढून चघळत असतात. मावशींना वाटलं, दिवस राहिले की काय! या वयात! मी म्हटलं, विचारावं तरी कसं. वहिनींनी आपणहूनच सांगितलं. "माझीपण समजूत तीच, की ही भाताची तल्लफ आहे, भात बंद केला म्हणून. पदराला तांदूळ बांधून फिरायची. तपासणीत लोह पार तळाला निघालं."

बायपासमध्ये अन्न आतड्याच्या ज्या पहिल्या भागाला टाळून जातं, लोह मुख्यतः तिथंच शोषलं जातं. लोह कमी झालं की माणसाला कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ असलं काहीबाही चघळावंसं वाटतं. मनाचा कमकुवतपणा नव्हे तो, रक्ताचा. लोह भरून आल्यावर तांदळाचा डबा पुन्हा मुंग्यांच्या ताब्यात गेला. त्यातही एक गोम आहे. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली की वाया, आणि कॅल्शियमच्या गोळीत नि तिच्यात दोन तासांचं अंतर हवं. बी-बारा, ड जीवनसत्त्व, हे सगळं जन्मभराचं. वन्सं म्हणतात, "गोळ्या सुटाव्यात म्हणून तर ऑपरेशन करतेय." त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. मी नाही सांगणार, भाऊजींना फोन लावून देईन.

मग ताटाचा विषय निघाला. वहिनींचं ताट म्हणजे एक बशी. आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा तुकडा. आपलं ताट नेमकं याच्या उलट्या क्रमानं भरतं, आधी पोळी-भात, आणि त्याला लावायला म्हणून बाकीचं. दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रोटीन पोटात जावं असं त्यांना सांगितलंय. मी म्हटलं, वरण पितच असाल. त्या हसल्या. आपल्या पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅम निघालं तरी पुष्कळ. अंड्यात सहा. पनीर शंभर ग्रॅम खाल्लं तर अठराच्या आसपास, पण त्या पिशवीत एका वेळी शंभर ग्रॅम जाणार कसं? म्हणून दिवसभर थोडं थोडं, आणि घट्ट दही, मासे, कोंबडी, सोयाबीन असं पाळीपाळीनं. कृष्णाकाठचं भरलं वांगं त्या अजून करतात, खातातही. फक्त त्याबरोबरची दीड भाकरी आता भाऊजींच्या वाट्याला आली आहे, आणि त्यांचा शर्ट पोटावर ताणलेला दिसतो, हे मी पाहिलंय.

"आणि बेदाणे?" मी हळूच विचारलं. तासगावच्या त्यांच्या भावाकडून दर उन्हाळ्यात पोतं येतं, त्यातले निम्मे माझ्याकडे येतात, म्हणजे प्रश्नात माझाही स्वार्थ होताच.

"ते सगळेच तुम्हाला." ऐकून बरं वाटलं. "चार किलो द्राक्षं सुकवली की एक किलो बेदाणा होतो. द्राक्षं मी दहा खाल्ली की पोट भरतं. बेदाणे चाळीस खाल्ले तरी तोंड चालूच. फळच आहे, औषधीच आहे, म्हणत म्हणत वाटी संपते. गुळाचं तसंच. काकवीचं तसंच. नैसर्गिक असतं म्हणे! माझ्या आतड्याला त्यातलं काही वाचता येत नाही."

तोवर आक्का खुर्ची टाकून बसल्या होत्या. "मग काय खावंसं वाटलं तर करायचं काय? राम राम म्हणायचं?"

वहिनींची युक्ती साधी आहे. खावंसं वाटलं की स्वतःला विचारायचं, आत्ता उकडलेलं अंडं दिलं तर खाशील? मटकीची उसळ? हो आलं, तर भूक खरी, खाऊन घ्यायचं, वाट बघायची नाही. नाही आलं, भडंगच पाहिजे असं आलं, तर ती पोटाची नव्हे. मग तिथून उठायचं. पाव तास कशात तरी घालवला की लाट ओसरते. साडेचारलाच त्या थोडं घट्ट दही खाऊन घेतात, म्हणजे पाचला रिकाम्या पोटी चहाच्या वासाला सामोरं जावं लागत नाही. चहा स्वयंपाकघरात घेत नाहीत, कारण तिथं उजव्या हाताला डबे आहेत. कप घेऊन कुंपणाशी येतात. आता कळलं मला, या रोज पाचला मला हाक का मारतात ते. मी समजत होते माझ्या बोलण्याची ओढ!

"घरात आणायचंच नाही, हे सर्वात बरं," वहिनी म्हणाल्या. "पण यांना लागतं ना." भाऊजींनी नळी बंद केली आणि दुसऱ्या बाजूच्या कुंड्यांकडे गेले. एका घरात एकानं पथ्य करायचं आणि दुसऱ्यानं त्याच्यासमोर पिशवी कापायची, याला काय म्हणावं? आता तडजोड झालीय. भाऊजींचं भडंग त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटात, आणि ते तिथंच खायचं. डार्विनमागे ठेवतात म्हणे. वहिनींना जागा ठाऊक आहे, पण त्यासाठी दार उघडून आत जावं लागतं, आणि तेवढ्या वेळात बहुतेकदा विचार बदलतो. एवढंच अंतर पुरतं. माझ्याकडचा डबा हाही त्याच बेतातला होता, पण मी मागितल्याबरोबर देऊन टाकत होते.

राहता राहिला आग्रह. हळदीकुंकवाला गेलं की, "एवढंसंच? नजर लागेल अशानं. एक लाडू तरी घ्या, साजूक तुपातला आहे." डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं तर डॉक्टरांना काय कळतंय इथपासून सुरुवात. त्यामुळे वहिनी आता सरळ खोटं बोलतात, "पोट बिघडलंय हो." बिघडलेल्या पोटाला आपल्याकडे फार मान आहे. बायका लगेच ओव्याचं पाणी करायला धावतात, लाडू विसरतात. प्रसाद नाकारत नाहीत. कणभर तोंडात, बाकीचा कागदात, घरी.

"मग आमच्या वन्सं रविवारी येतायत ऑपरेशनच्या आधी भेटायला," मी म्हटलं. "त्यांना जेवायला काय करू? पुरणपोळी म्हणतायत. आता परत खायला मिळणार नाही म्हणून."

"सगळ्या तसंच म्हणतात. मी ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात कोल्हापूरला जाऊन मिसळ खाऊन आले होते. निरोप घेतल्यासारखी. मग त्या निरोपाचीच आठवण जास्त छळते. आणि आधी काही दिवस डॉक्टर पथ्य देतात, यकृत आकसावं म्हणून. तेव्हा पुरणपोळी नकोच. पिठलं करा, भाजी करा, मासे खातात का त्या?"

"खातात."

"मग मासे. आणि मला बोलवा संध्याकाळी, मी बोलते त्यांच्याशी."

"चहाबरोबर काय ठेवशील गं?" आक्का वरून म्हणाल्या. "आधीच सांग. न्हाईतर मी चकल्या तळून ठिवल्यात, त्या पाठवती."

वहिनींनी वर पाहिलं. मग माझ्याकडे.

"भाजणीच्या का हो?" वहिनींनी विचारलं.